चाई, दाह आणि रेशनचा गहू

'चाई' हा शब्द शहरी मराठीतून आता जवळजवळ गेला आहे. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा भाग एकाएकी गुळगुळीत झाला, की घरातली वडीलधारी माणसे 'चाई पडली' असे म्हणत. आज त्याच डागाला त्वचारोगतज्ज्ञ 'अ‍ॅलोपेशिया एरिआटा' म्हणतात आणि रक्त तपासायला सांगतात. वाग्भटाने अष्टांगहृदयात इंद्रलुप्ताचे वर्णन करताना 'चाचा' असे त्याचे आणखी एक नाव नोंदवले आहे. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती बांधून टाकण्याची हौस आपल्या विषयात पुष्कळांना असते. तो मोह येथे आवरतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही इंद्रलुप्ताची जी कारणमीमांसा दिली आहे तिच्यात रक्ताला स्थान आहे. वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ती वाट बुजवून टाकतो, म्हणून नवा केस उगवत नाही, अशी ती मांडणी आहे. वाग्भट पुढे आणखी एक भेद करतो. इंद्रलुप्तात केस एकदम जातात, खालित्यात क्रमाक्रमाने. हा भेद वरकरणी साधा वाटतो, पण अलीकडे विदर्भात जे घडले ते समजून घेताना तोच कामी येतो.

केस का गेले हे रक्त सांगू शकते काय, असा प्रश्न डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अक्षरशः गावोगाव विचारला गेला. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा आणि आसपासच्या गावांत माणसांचे डोके खाजू लागे, केस राठ होत, आणि तीन-चार दिवसांत ते मुठीने हाती येत, आठवड्याभरात टक्कल. १८ गावांतील २७९ माणसे यात सापडली. बायका होत्या, शाळकरी मुले होती, म्हातारेही होते. शेगाव आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीपासून दूर, विदर्भाच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे. तेथली माती काळी, पीक कपाशी-ज्वारीचे, भूजल खारे. आमच्याकडे धान, तळी आणि जंगल. तरीही या प्रकरणाचा विचार आमच्या बाजूने करण्याला एक कारण आहे. रक्ताच्या थेंबाकडून उत्तर मिळते, हा विश्वास आणि त्या विश्वासाची मर्यादा, दोन्हींचा अनुभव या दोन वनजिल्ह्यांनी जितका घेतला आहे तितका महाराष्ट्रात फार थोड्यांनी घेतला असेल.

हिवताप हे त्याचे पहिले आणि रोजचे उदाहरण. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांचा फार मोठा वाटा वर्षानुवर्षे एकट्या गडचिरोलीचा राहिला आहे. ताप आला की आरोग्य कर्मचारी बोटाला सुई टोचतो, थेंब काचेवर पसरतो, आणि 'रक्तनमुना' तपासणीला जातो. या काचेवरचे उत्तर निःसंदिग्ध असते. १८८० मध्ये लाव्हराँने अल्जिरियात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी पाहिला तेव्हापासून हिवताप हा 'दिसणारा' रोग झाला: परजीवी आहे किंवा नाही. दुसरे उदाहरण सिकलसेलचे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तिच्या आरंभीच्या कामांत गडचिरोलीतील सिकलसेलचा शोध होता. तेथेही रक्त स्पष्ट बोलते, कारण पेशीचा आकारच बदललेला असतो. मात्र याच कामाविषयी डॉ. अभय बंग यांनी नंतर सांगितलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: हा प्रश्न संशोधकांचा होता, लोकांचा नव्हता, लोकांना त्यांचे प्रश्न विचारले तेव्हा ते निराळे निघाले. रक्त खरे बोलले, पण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर त्याने दिले.

तिसरे उदाहरण रक्त मुके राहिल्याचे आहे. झाडीपट्टीत धान कापणीला येण्याआधी त्याच ओल्या बांधीत लाखोरी फेकतात; त्याला उतेरा म्हणतात. फुकट मिळाल्यासारखे हे पीक. दुष्काळात, किंवा मजुरीच धान्याच्या रूपाने देण्याच्या पद्धतीत, जेथे लाखोरी हेच मुख्य अन्न झाले तेथे माणसांचे पाय कायमचे अधू झाले. मध्य प्रदेशातील रीवा भागाची या बाबतीतली नोंद कुप्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये केंद्राने लाखोरीच्या विक्रीवर बंदी आणली; १९६० च्या दशकात संशोधकांनी तिच्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे केले. हा 'लॅथिरिझम' ओळखायचा तो चालण्यावरून आणि काय खाल्ले या चौकशीवरून. नेहमीच्या रक्ततपासणीत त्याची खूण नाही. पुढे नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोरीच्या बाजूने उपोषणे केली आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. लाखोरीच्या न्यायाचा हा खटला स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच घ्यायचे की धान्य पाहिल्याशिवाय जो रोग कळतच नाही अशा रोगाची परंपरा आमच्या घरची आहे.

आता 'दाह' या शब्दाकडे वळू. इंग्रजी वैद्यकातल्या 'इन्फ्लमेशन'साठी मराठीत दाह आणि शोथ असे दोन शब्द चालतात. एकात जळणे आहे, दुसऱ्यात सूज. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ही सर्व डोळ्यांना आणि हाताला कळणारी लक्षणे होत. शरीराच्या आत जळत असेल तर ते कसे ओळखायचे, याचे उत्तर मात्र फार उशिरा आले. १८९७ मध्ये पोलिश वैद्य बिएर्नात्स्की याच्या ध्यानात आले की नळीत उभे ठेवलेले रक्त आजारी माणसात लवकर खाली बसते. १९१८ नंतर स्वीडनच्या फॉरिअसने आणि वेस्टरग्रेनने त्या निरीक्षणाची रीतसर चाचणी बनवली. तीच आपल्या रिपोर्टावरची 'ईएसआर'. शरीरात दाह असला की रक्तातील फायब्रिनोजेन वाढते, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि वजनाने झरझर खाली येतात. याच फॉरिअसने एक सुंदर तर्क मांडला होता: ग्रीकांचा चार द्रवांचा सिद्धांत हा काढून ठेवलेल्या रक्ताचे थर पाहूनच सुचला असावा. आपल्या वात-पित्त-कफांना हा तर्क लागू करण्याची घाई करू नये. पण वैद्यकाच्या जुन्या उपपत्ती निव्वळ कल्पनेतून आल्या नसतील, त्यांच्यामागे कुणाचे तरी बारीक पाहणे असेल, असे त्यावरून वाटते खरे.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक प्रथिन सापडले. न्यूमोनियाच्या जंतूतील 'सी' नावाच्या शर्करेशी ते जोडले जाई, म्हणून 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन', सीआरपी. शरीरात कोठेही मोठा दाह झाला की त्याची वार्ता यकृताला पोहोचते आणि यकृत काही तासांत हे प्रथिन शेकडो पटींनी वाढवते. हे नाव मराठी घरांत शिरले ते २०२०-२१ च्या कोरोनाकाळात. 'सीआरपी किती आला?' हा प्रश्न तेव्हा 'जेवलात का?' इतका सवयीचा झाला होता. ती साथ ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी अनेकांचे केस गळू लागले. मुदतीच्या तापानंतर केस जातात, हे आपल्या आज्या जाणून होत्या. कोरोनानंतरची गळती त्याच जातीची. डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे विश्रांतीत. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ज्या वेळी कंगव्यात केसांचा पुंजका येतो त्या वेळी सीआरपी कधीच उतरलेला असतो.

मग चाईचे काय? तेथे दाह असतो, आणि भरपूर असतो. शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळावर चालून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मुळाभोवती अशा दाटलेल्या दिसतात की विकृतिशास्त्राच्या पुस्तकांतून त्या दृश्याला 'मधमाश्यांचा थवा' हीच उपमा रूढ झाली आहे. (रूक्ष मानल्या गेलेल्या शास्त्रांना उपमेशिवाय चालत नाही, याचा हा एक बरा दाखला.) परंतु ही लढाई त्वचेत काही मिलिमीटर खोलीवर, एका डागापुरती चालते. यकृतापर्यंत तिची बातमी फारशी जात नाही. म्हणून चाईच्या रुग्णाचा ईएसआर आणि सीआरपी पुष्कळदा अगदी सामान्य येतो. काही अभ्यासांत चाईच्या रुग्णांच्या गटामध्ये दाहाशी संबंधित द्रव्ये सरासरीने वाढलेली आढळली आहेत, पण गटाची सरासरी वेगळी आणि समोर बसलेल्या एका माणसाचे निदान वेगळे. ज्या संदेशवाहकांच्या साखळीने ही लढाई चालते, त्यांपैकी इंटरफेरॉन-गॅमा हा एक, ती साखळी तोडणारे 'बॅरिसिटिनिब' हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्य झाले. त्या साखळीचा उलगडा झाला तो त्वचेचा नमुना घेऊन. नेहमीच्या रक्ततपासणीतून तो होणे नव्हते.

ईएसआर-सीआरपीचा केसगळतीत उपयोगच नाही असे मात्र कोणी समजू नये. ल्यूपससारख्या आजारात केसही गळतात आणि ईएसआरही चढतो; तेथे ती खूण मोलाची. आणखी एक उपयोग आमच्याकडील स्त्रियांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, पण तो रिपोर्टाच्या कागदावर कोणी समजावून सांगत नाही. शरीरातील लोहाचा साठा 'फेरिटिन' या प्रथिनावरून मोजतात; लोह कमी पडले की केसांवर परिणाम होऊ शकतो. पण फेरिटिन हे स्वतःच दाहात वाढणारे प्रथिन आहे. म्हणजे एखादी बाई रक्तक्षयाने खंगलेली असेल आणि तिला त्याच वेळी जुना संसर्गही असेल, तर दाह तिचे फेरिटिन वर ढकलतो आणि कागदावर लोह पुरेसे दिसते. तो आकडा खरा की फसवा हे सीआरपी सोबत पाहिल्यावरच कळते. रक्ताची जबानी उलटतपासणीशिवाय घेऊ नये, ती अशी. शहरांतून 'केसगळती प्रोफाइल' या नावाने चाचण्यांचे जे संच विकले जातात, त्यांत आकडे पुष्कळ असतात आणि उलटतपासणी मात्र क्वचितच.

आता शेगावकडे येऊ. गावांत पथके आली तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. भूजलात क्षार इतके की अनेक ठिकाणी ते पिण्यालाही नको आणि शेतीलाही नको. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त आढळलेही. मग बुरशीचा संशय आला. टाळूच्या त्वचेचे नमुने घेतले गेले. कोणी शांपूला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य असे सगळे गोळा झाले. तोवर वृत्तवाहिन्यांनी नामकरण उरकले होते: 'टक्कल व्हायरस'. कोणताही विषाणू सापडला नव्हता आणि पुढेही सापडला नाही.

मराठीच्या अभ्यासकांनी या नामकरणाकडे थोडे थांबून पाहावे असे वाटते. 'व्हायरस' म्हटले की स्पर्श आला, विटाळ आला. ज्याचे केस गेले तो इतरांना धोका ठरला. पाहुण्यांचे येणे थांबले. मुली कॉलेजात जाईनात. काहींची ठरलेली लग्ने मोडली. अनेकांनी लाज झाकण्यासाठी उरलेले केसही काढून टाकले. हे सर्व त्या एका शब्दाने झाले असे नाही, पण त्या शब्दाने भीतीला दिशा दिली. 'विषबाधा' हा शब्द पहिल्या दिवशी आला असता तर तेच डोळे शेजाऱ्याच्या डोक्यावरून उठून घरातल्या कणगीकडे वळले असते. शिवाय महाराष्ट्रात केस नसलेल्या बाईच्या डोक्याला एक इतिहास आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' सुरू झाले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमूच्या केशवपनाचा प्रसंग आपण वर्गात दरवर्षी शिकवतो आणि तो संपलेल्या काळाचा म्हणून शिकवतो. बोंडगावच्या बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढला तेव्हा तो काळ तितकासा संपलेला दिसत नव्हता.

रोगाच्या वेगाने मात्र अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. येथे वाग्भटाचा तो भेद आठवावा. तापानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी येते. चाईचा डाग गोल आणि सुटा असतो, आणि एका गावातल्या दहा घरांना तो एकाच आठवड्यात होत नाही. तीन-चार दिवसांत मुठीने केस जातात तेव्हा वाढीच्या अवस्थेतलेच केस कमकुवत होऊन निसटत असतात, आणि असे करणाऱ्या कारणांची यादी लहान आहे: कर्करोगावरची औषधे, किरणोत्सर्ग, थॅलियम, आर्सेनिक, सेलेनियम. यांतील बहुतेकांचा ठाव घेण्यास ईएसआर-सीआरपी निरुपयोगी. हा प्रश्न रक्ताला विचारायचा तर त्यातली मूलद्रव्ये मोजावी लागतात.

तो प्रश्न मोठ्याने विचारला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचाराने कोकणातील मृत्यू रोखणारे हेच ते बावस्कर; 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनामुळे आपल्या वाचकांना ते परिचित आहेतच. गावांत जाऊन त्यांनी नमुने गोळा केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या सांगण्यानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते आणि जस्त खूप घटलेले. संशोधन परिषदेच्या तपासणीतही सेलेनियमची वाढ पुढे आली. बावस्करांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. ठाण्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीत त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, धुतल्यावर १३.६१. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण ६०० पट असल्याचे त्यांनी सांगितले.

या आकड्यांत एक बारीक गोष्ट आहे. धुतल्याने फारसा फरक पडला नाही, म्हणजे हे द्रव्य दाण्यावर बाहेरून बसलेले नव्हते. रोपाने ते मातीतून शोषून दाण्याच्या प्रथिनात बांधून टाकले होते. निवडून, धुऊन, वाळवून दळण देणाऱ्या बाईची सारी दक्षता येथे व्यर्थ होती.

सेलेनियमचा शोध १८१७ मध्ये बर्झेलियसने लावला आणि ग्रीक चंद्रदेवतेवरून त्याचे नाव ठेवले. गंधकाचे हे जवळचे भावंड, आणि गोंधळाचे मूळही त्याच नात्यात आहे. केस आणि नख यांतील केराटिन हे गंधकाच्या दुव्यांनी घट्ट विणलेले असते. शरीरात सेलेनियम अति झाले की ते गंधकाच्या जागी जाऊन बसते आणि वीण कच्ची राहते, असे मानले जाते. माणसाला त्याची गरजही आहे, पण दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅमची. ४०० मायक्रोग्रॅम ही प्रौढांसाठी वरची मर्यादा धरतात. कमी पडले तरी रोग, जास्त झाले तरी रोग, आणि दोहोंमधली वाट अरुंद.

मार्को पोलोने पश्चिम चीनच्या डोंगराळ भागात एक वनस्पती खाऊन जनावरांचे खूर गळतात असे लिहून ठेवले आहे. काही अभ्यासकांनी त्याचा संबंध सेलेनियमशी जोडला. १८५० च्या दशकात अमेरिकेतील फोर्ट रँडल येथे लष्करी शल्यवैद्य मॅडिसनने घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस गळून खूर निखळल्याची नोंद केली. त्याचे कारण सेलेनियम आहे आणि ते धान्यातून येते, हे साउथ डकोटातील संशोधनाने सिद्ध व्हायला १९३० चे दशक उजाडले. माणसांमधला सर्वांत मोठा दाखला चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागाचा आहे. तेथे १९६१ ते १९६४ या काळात सर्वाधिक ग्रस्त गावांतील जवळजवळ निम्म्या लोकांचे केस आणि नखे गेली. मातीत सेलेनियम आधीपासूनच होते. त्याचा उगम तेथील दगडी कोळशात. मग नेमके त्याच वर्षांत का? दुष्काळाने भात गेला आणि लोकांना मका व भाजीपाल्यावर जगावे लागले. सेलेनियम त्यांत होते. त्या गावांत रोजचे सेवन सरासरी ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरले. आता बावस्करांचा आकडा घ्या. सगळा गहू त्याच प्रतीचा धरला आणि माणशी दिवसाला ३०० ग्रॅम कणीक धरली, तर बेरीज सुमारे ४.४ मिलिग्रॅमवर जाते. एन्शीच्या जवळ, आणि वरच्या मर्यादेच्या जवळजवळ ११ पट. रक्तातल्या ३५ पटींपेक्षा हा हिशेब मला अधिक बोलका वाटतो, कारण यात ताट आहे.

पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत शिवालिकच्या टेकड्यांवरून पावसाळी ओढ्यांबरोबर वाहत आलेल्या गाळाची जमीन सेलेनियमयुक्त आहे, हे पंजाब कृषी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे. तेथील जनावरांचे खूर आणि शिंगे बिघडणे, माणसांच्या केसांवर व नखांवर परिणाम दिसणे, हेही नोंदले गेले आहे. ज्ञान होते. ते पोत्यावर लिहिलेले नव्हते. शेतकऱ्याचा गहू बाजारात जातो, तेथून गोदामात, गोदामातून रेल्वेने दुसऱ्या राज्यात. आणि या प्रवासात त्याची माती पुसली जाते. मिसळण ही बहुतेक वेळा संरक्षकच ठरते, कारण वाईट माल चांगल्यात विरून जातो. पण एखाद्या खेपेत तो विरला नाही, तर तो कोणाच्या ताटात जाईल हे रेशनकार्डाचा रंग ठरवतो.

वऱ्हाड हा ज्वारीचा मुलूख. गव्हाची पोळी ही तेथे सणाची गोष्ट होती. रोजची ती भाकरी. मराठीत उदरनिर्वाहाला आपण 'भाकरी' म्हणतो, 'पोळी' म्हणत नाही, हे उगाच नव्हे. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले, दुसरीकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये किलोने आणि जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागला. त्या कायद्याने भूक हटवली, त्याचे मोल कमी लेखण्याचा उद्देश नाही. पण ज्या गावात पाच प्रकारची धान्ये आलटून-पालटून खाल्ली जातात तेथे एका धान्यातला दोष विभागला जातो. एन्शीत दुष्काळाने आणि रीव्यात लाखोरीच्या मजुरीने ताट एकधान्यी केले. शेगाव तालुक्यात ते स्वस्ताईने आणि पीकबदलाने झाले. तिन्ही ठिकाणी विष आधीपासून कोठेतरी होतेच. लोकांच्या ताटात दुसरे काही उरले नाही, तेव्हा ते रोगाच्या रूपाने पुढे आले. हे वाक्य लिहिताना आमच्या गडचिरोलीतील कोदो-कुटकीची आठवण येते; तीही ताटातून उठत चालली आहे, आणि तिची जागा घेणारा तांदूळही पोत्यातूनच येतो.

शेगावच्या गावांतील अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. मुळे मेली नव्हती. रक्तातले सेलेनियमही खाणे बदलल्यावर हळूहळू उतरते, तेव्हा उशिरा घेतलेला रक्ताचा नमुना या प्रकरणाविषयी काहीच सांगणार नाही. केस सांगतो. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या-त्या वेळी रक्तात जे असेल ते आपल्यात साठवत जातो. रक्त हे दैनिक असेल तर केस ही बखर. त्या हिवाळ्यात जे केस गळून उंबऱ्याबाहेर झाडले गेले, त्यांत पुरावा होता.

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतून दुसरी तक्रार आली: नखे वाकडी होत आहेत, ठिसूळ होऊन निखळत आहेत. वर्तमानपत्रांनी तो नवा रोग म्हणून छापला. तो नवा नव्हता. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर पुढे सरकते. जानेवारीत त्वचेखाली मुळाशी झालेली इजा उघड्यावर यायला आणि टोकाकडे सरकायला तेवढे महिने लागणारच होते. एन्शीतही केस आणि नखे अशी जोडीनेच गेली होती. पेरणीच्या दिवसांपर्यंत ती हिवाळ्यातली रेघ बोटांच्या टोकाशी आली असेल आणि कापलीही गेली असेल.